एका स्टोव्हवर दोन नावं

सन छासष्टच्या फेब्रुवारीत मी बायकोला स्कूटरवर घेऊन आठ दिवस भटकायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांनी मला वेड्यात काढलं. काढू देत. औरंगाबादच्या त्या घरात आम्ही अकरा माणसं होतो. लग्नाला चार वर्षं झाली तरी वच्छला आणि मी सलग तासभर कधी बोललो नव्हतो. मला ती आठ दिवस फक्त माझी हवी होती, एवढंच.

अडचण एकच. वच्छलेला बाहेरचं खाणं सोसत नसे. म्हणजे सोबत स्टोव्ह हवा, आणि तोही हलका, कारण स्कूटर मागून आणलेली आणि तिच्या टायरांवर माझा काडीचा भरवसा नव्हता.

शहागंजातल्या जुन्या भांड्यांच्या दुकानात चांदपाशानं माझ्यापुढं तीन स्टोव्ह मांडले. वातीचा हलका होता, पण उघड्यावर वारा सुटला की विझणार. मोठा पंपाचा नुसता उचलला तरी खांदा भरून आला. तिसराही पंपाचाच, पितळेचा, पण जेमतेम तांब्याएवढा. पाय सुटे करून पत्र्याच्या डब्यात बसणारा. तराजूत सव्वा किलोही भरेना. मी खूश झालो. मग टाकीवर कोरलेलं नाव दिसलं: सौ. मनकर्णा, अजिंठा.

भांड्यावर नाव घालायची आपल्याकडं रीतच आहे, आणि जुनं भांडं घेतलं की आधीचं नाव ठोकून बुजवायचं, हीसुद्धा. चांदपाशा म्हणाला, “पैले ये नाम मिटवा लेव साब. एक पे दो नामां नक्को.”

मी बांधकाम खात्यातला ओव्हरसियर. ठोकलं की पत्रा विरतो आणि टाकी गळते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तसं त्याला सुनावलं आणि मनकर्णेच्या खालीच ‘सौ. वच्छला’ कोरून घेतलं.

सिल्लोड मागं टाकून अजिंठ्याच्या अलीकडं आम्ही भर दुपारी थांबलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वच्छलेनं जन्मात चुलीशिवाय काही पेटवलं नव्हतं. पण मी खिचडीचं सामान काढेपर्यंत तिनं पाय जोडले, पिन मारली, पंप मारला, आणि स्टोव्ह निळाशार पेटला.

“कुणी शिकवलं तुला?”

“ह्याला पिन लई खोल घालायची नाय,” ती म्हणाली. “रुसतो.”

मला कौतुक वाटलं. खरं सांगतो, कौतुकच वाटलं. मग पाणी संपल्याचं लक्षात आलं.

“त्या चिंचंमागं झिरा हाय,” मान वरही न करता ती म्हणाली. “उन्हाळ्यातबी आटत नाय.”

झिरा होता. धुण्याचा दगडही होता, वापरून गुळगुळीत झालेला. कळशी भरता भरता मला आठवलं, वच्छलेचं माहेर बिडकीनचं. हा रस्ता तिनं कधी पाहिलेलाच नव्हता.

परत आलो तर ती माझ्याकडं बघून हसली. चार वर्षांत तिनं माझ्याकडं इतकं मोकळं बघितलं नव्हतं.

“बसा, वाढते,” ती म्हणाली. “पर तुमी कुठलं म्हनायचं, पाव्हणं?”

मी खिचडीचं पातेलं लाथाडलं, स्टोव्हची हवा सोडली आणि तो आडवा पाडून दगडानं मनकर्णेचं नाव ठेचायला लागलो. बोटं भाजली, तरी एकही अक्षर वाचता येईनासं होईपर्यंत थांबलो नाही. टाकी फुटली, रॉकेल मातीत जिरलं. ती शांतपणे बघत राहिली. मग तिनं पदर सारखा केला.

“वच्छला?”

“व्हय.”

“तूच ना? नक्की?”

“इचारा की कायबी,” ती म्हणाली. “जे फकस्त वच्छलेलाच ठावं असंल, असं कायतरी.”

बापाचं नाव, गाव, लग्नाची तिथी? ते तर लग्नपत्रिकेत छापलेलं होतं, कुणीही सांगेल. तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, एकटी असली की ती काय गुणगुणते, हे मी आठवायला लागलो. ती समोर बसून वाट बघत होती, आणि मला एकही प्रश्न सुचत नव्हता.