नाकेदाराच्या अंगणातला बांबू

रामाजी नाकेदारांनी अखेर नाका उठवला, बांबू जावयाच्या हवाली केला आणि नात चंद्रपूरला गेली.

असं काही झालेलं नाही. रामाजींना विचारा, ते हेच सांगतील. सिंदेवाहीत त्यांच्या घरी आजही गेलात तर फाटकात हात आडवा धरून ते उभे राहतील आणि विचारतील, "कुठून आले? काय नेऊन राह्यले?" नाका उठला असता तर कोणी असं विचारलं असतं का? तेव्हा झालेलं नाही असं धरूनच पुढे चालू.

रामाजींची उभी नोकरी जंगल खात्यात गेली, तीही रस्त्यावरच्या नाक्यावर. बांबू खाली, गाडी थांबली, परवाना पाहिला, बांबू वर, गाडी गेली. परवान्याशिवाय त्यांनी काडी सोडली नाही. स्वतःच्या लग्नाच्या मांडवासाठी बैलगाडीतून येणारे बांबूसुद्धा त्यांनीच अडवले होते. लग्न उन्हात लागलं. "पंगत उठेपर्यंत माह्या डोक्यावरचं तेल उकळलं," असं अंजनाबाई अजून सांगतात, आणि रामाजी अजून म्हणतात, "परवाना नोयता."

चौऱ्याऐंशी साली ते निवृत्त झाले. खात्यानं शाल दिली. रामाजींनी नाक्यावरचा मोडीत निघालेला बांबू मागून घेतला, त्याचा रीतसर परवाना केला आणि घरच्या फाटकात तो बसवला. मधे खिळा, एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला दोरी. तेव्हापासून घरात येणारं-जाणारं सगळं तपासून सुटू लागलं. फक्त शेळ्या खालून जात. अंजनाबाई पाण्याला जाऊन आल्या तरी सुटका नव्हती.

"काय आहे?"

"पानी."

"किती?"

"तुमच्या डोस्क्यावर वतते, मंग मोजा."

बांबू वर जायचा.

पुढच्या वर्षी त्यांची लेक कांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन नातीचं नाव सुप्रिया ठेवलं. पण तिचा चेहरा हुबेहूब रामाजींच्या आईचा, भुवयांसकट. त्यामुळे घरात तिला कोणी सुप्रिया म्हणेना. आईचं नाव होतं ठमाबाई. तेव्हा पाळण्यातल्या पोरीलाही सगळे आदरानं ठमाबाईच म्हणू लागले.

ठमाबाई झोपत नसत. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, गाणं म्हटलं तर मुळीच नाही. एका दुपारी रामाजी त्यांना घेऊन फाटकात उभे होते. शेजारचा लियाकत सायकलरिक्षा घेऊन आला म्हणून त्यांनी दोरी सोडली. बांबू वर गेला, खिळा म्हणाला, "कुईंऽऽ". ठमाबाईंनी डोळे मिटले. बांबू खाली आला, "कुईंऽऽ". ठमाबाई घोरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी अंजनाबाईंच्या जुन्या लुगड्याची झोळी त्या बांबूला टांगली गेली. रामाजी शेवग्याखाली बसून दोरी हलवत. कुईं वर, कुईं खाली. ठमाबाई झोपलेल्या असल्या की नाका बंद. दूधवाला वाकून यायचा, पाहुणे वाकून यायचे. आत आल्यावर कुजबुजत बोलायचे, कारण नाकेदाराची नजर त्यांच्यावर असे.

एकदा लियाकतला दया आली. "रामाजीभाऊ, तुमचा बांबू लय रडते. आपन तेल देल्लं बघा, एकदम मक्खन." आणि खरंच, बांबू मक्खन झाला. जराही आवाज नाही. ठमाबाईंनी त्या शांततेत जो टाहो फोडला तो दिवे लागेपर्यंत. शेवटी लियाकतच चुलीतली राख घेऊन बसला आणि खिळा घासून घासून त्यानं त्याचा आवाज परत आणला. पहिली "कुईं" निघाली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी हुश्श केलं.

धान निघाल्यावर जावई श्रीहरी न्यायला आला. तो चंद्रपूरला वीज केंद्रात होता. एसटीच्या टपावरून त्यानं नवा लोखंडी पाळणा आणला होता, निळा, वर चिमण्या टांगलेला.

रामाजींनी बांबू खाली घेतला. "कुठून आले, जवाईबापू?"

"चंद्रपूरहून, मामाजी."

"काय नेऊन राह्यले?"

"बायको आन पोरगी."

"परवाना?"

श्रीहरी हसला. मग आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन थांबला.

"सोडा जी त्यायले आत," अंजनाबाई आतून ओरडल्या. "लेक त्यायचीच आहे."

"मी कुठी नाई म्हनलं?" रामाजी म्हणाले. पण बांबू काही वर गेला नाही. श्रीहरी वाकून आत आला, पाळणा आडवा करून.

घरात बांधाबांध सुरू झाली. नवे तांदूळ, पोहे, लाखोळीची डाळ. रामाजी प्रत्येक गाठोडं तपासत होते, सोडून पुन्हा बांधत होते. जितका उशीर होईल तितका बरा, एवढाच त्यांचा हिशोब.

मग ठमाबाईंना नव्या पाळण्यात घातलं. पाळणा चांगल्या कारखान्याचा असावा, कसलाच आवाज करत नव्हता. ठमाबाईंनी एकदा चिमण्यांकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं, आणि सूर लावला. श्रीहरीनं झोके दिले, कांतानं दिले, अंजनाबाईंनी दिले. छे!

कांता थकून खाली बसली. "बाबा, हे तिकडं झोपनारच नाई. रायतो मंग आनखी महिनाभर."

रामाजींना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांना फाटकाकडे तोंड करून खोकावं लागलं. आता काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

श्रीहरीनं पोरीला पाळण्यातून उचललं. जेवण झाल्यावर तो पोरीला घेऊन शेवग्यापलीकडे गेला. कोणी पाहत नाही असं त्याला वाटलं. रामाजी अलीकडेच होते, दोरीला गाठ मारत.

"कुईंऽऽ," श्रीहरी तोंडानं म्हणाला. "कुईंऽऽ."

ठमाबाई रडायच्या थांबल्या. झोपल्या नाहीत, पण हा कोण माणूस म्हणून पाहू लागल्या.

"खोलीले चुना मारला, ठमाबाई," तो हळूच म्हणाला. "कुईंऽऽ. खिडकीले पडदा लावला. कुईंऽऽ. रोज ड्यूटीवरून येतो आन कोनीच नसते व तिथी. कुईंऽऽ."

त्याचा आवाज बसत चालला होता तरी तो थांबेना. रामाजी हातात दोरी धरून तसेच बसले. हा माल आपला नाही, आपल्या नाक्यावर नुसता थांबला आहे, हे उभ्या नोकरीत त्यांना एकदाही कोणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती.

सकाळी त्यांनी दगड सोडला, खिळा काढला आणि बांबू उतरवून अंगणात ठेवला. "झोळी नीट बांधा, जवाईबापू. आन खिळ्याले तेल दाखवाचं नाई."

अंजनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "माह्या लगनाले सोडला नाई बांबू!"

"तवा परवाना नोयता."

"आता कुठी आहे?"

परवाना होता तो फाटकापर्यंतचा, तोही जुना. रामाजी आत गेले आणि कागद-पेन घेऊन बसले.

लियाकतच्या रिक्षावर बांबू आडवा बसेना, म्हणून लियाकतनं तो खांद्यावर घेतला आणि रिक्षा श्रीहरीनं ओढली. कंडक्टर बांबूचं तिकीट मागत होता. ठमाबाईंनी त्याच्याकडे रामाजींच्या आईसारखं पाहिलं तेव्हा अर्ध्यावर मिटलं. नवा पाळणा सिंदेवाहीतच राहिला. त्यात आता वांगी ठेवतात.

बस सुरू झाली तर समोर रामाजी हात आडवा धरून उभे. ड्रायव्हरनं हॉर्न नाही वाजवला. खिडकीतून कांता म्हणाली, "बाबा." मग रामाजींचा हात हळूहळू वर गेला. वर जाताना "कुईं" असा आवाज आला. तो खांद्यातून आला, असं अंजनाबाई सांगतात.

वाटेतल्या जंगल नाक्यावर बांबूबद्दल कोणी विचारलंच नाही. त्यामुळे रामाजींनी दिलेला कागद श्रीहरीच्या खिशातच राहिला. तो असा:

"मा. नाकेदारसाहेब यांस. अर्जदार सेवानिवृत्त असून सोबतचा बांबू नग एक विनापरवाना पाठवीत आहे, हा गुन्हा त्यास मान्य आहे. सदर बांबू घरगुती झोपेकरिता असून विक्रीकरिता नाही. तरी तो जाऊ द्यावा. परत येताना बांबू एकटा आल्यास जप्त करावा; सोबत ठमाबाई असल्यास कोणतीही चौकशी न करता दोघांस त्वरित सिंदेवाहीकडे सोडावे. तसेच ठमाबाईंचे वय व अर्जदाराचे गुडघे विचारात घेऊन सिंदेवाही ते चंद्रपूर हे अंतर निम्मे करून मिळावे, ही नम्र विनंती."