परत गेलेली ढेप

गुरूचं ऋण सात जन्मांत फिटत नाही, असं आपल्याकडे थोर मंडळी सांगतात. चिंतामण गुरुजींना ते एका दुपारीत फेडून हवं होतं, आणि तेही शेवटच्या सांगली गाडीच्या आत.

काम एकच होतं. त्यांची मुलगी शरयू माण तालुक्यातल्या एका वाडीवर शिक्षिका होती. नवरा कऱ्हाडला, लहानगी सांगलीत आजीजवळ, आणि ही तिकडे टँकरची वाट बघत शाळा चालवत होती. पोरगी आता आईला 'बाई' म्हणायला लागली होती. बदली शिक्षण समितीच्या सभापतींच्या हातात. आणि सभापती म्हणजे सयाजी. गुरुजींच्या हातची छडी खाऊन मोठा झालेला.

सांगली ते सातारा उभ्यानं येताना गुरुजींनी वाक्य पाठ केलं होतं. 'सयाजी, शरयूला कऱ्हाडकडे आणता येईल का?' जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतले, पण असलं काही कधी पाठ करावं लागलं नव्हतं.

सयाजी दारातच पाया पडला. उठताना गुडघा धरून उठला.

"आवं गुरुजी, तुमी! सांगावा धाडायचा, जीप पाठवली असती की." मग बसलेल्या मंडळींकडे वळून म्हणाला, "ह्यो माझा देव. वळखता का कुनी?"

कुणी ओळखत नव्हतं. त्यामुळं सांगणं भाग पडलं.

"सातवीला मी गणितात गचकलो. आमचा बा गावचा पाटील. गुळाची अख्खी ढेप शाळंच्या पडवीत नेऊन ठिवली. सांजच्याला ढेप घरी परत! आन् मी नापास त्यो नापासच. बा म्हनला, असा मानूस लाखात न्हाई."

मंडळींनी माना डोलावल्या. गुरुजी खाली बघत राहिले. सयाजीला नापास करायचं ढेप यायच्या आधीच ठरलं होतं. आणि ढेप परत गेली, कारण सायकलला कॅरिअर नव्हतं. 'सध्या पाटलांकडे ठेव, रविवारी नेतो,' असं त्यांनी शिपायाला बजावलं होतं. शिपायानं ढेप पोचवली आणि निरोप पोटात ठेवला. रविवारी बघतात तर गुरुजी गावात थोर झालेले. थोर माणसाला गूळ मागता येत नाही.

सयाजीची बायको साळूबाई चहा घेऊन आली. तीही पाया पडली. गुरुजींनी बशीत चहा ओतला आणि घसा साफ केला.

तेवढ्यात आकाराम नावाचा एक कार्यकर्ता पुढं सरकला. "साहेब, मेव्हन्याचं तेवढं... पाटणच्या डोंगरात सडतंय बिचारं."

"सोमवारी करतो गड्या. जा." सयाजी गुरुजींकडे वळला. "बघितलं? ह्ये असं दिवसभर. जो येतो त्यो बदलीच मागतो. नुसतं भेटायला म्हनून आलेलं तुमीच पयले."

चहा गार झाला होता. गुरुजींनी तो तसाच संपवला.

"सयाजी, आमची शरयू..."

"कुठं असती आता?"

"माणला. शिक्षिका आहे."

"माणला?" सयाजी उभाच राहिला. "ऐकलं का रं? सख्खी लेक दुष्काळात, आन् ह्या मानसानं मला एका शब्दानं सांगितलं न्हाई! कवा सांगायचंबी न्हाई. ह्येला म्हनत्यात निर्मळ मानूस!"

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. साळूबाईनंही पदर डोळ्याला लावला. आकारामला स्वतःची थोडी लाज वाटली. मेव्हण्याची बदली मात्र त्यानं परत केली नाही.

पाठ केलेलं वाक्य गुरुजींच्या तोंडातच विरघळलं. एवढ्या डोळ्यांसमोर देव्हाऱ्यातून खाली उतरायला गुडघ्यांत बळ लागतं, आणि ते सांगलीहून उभ्यानं येतानाच संपलं होतं. आता घरी गेल्यावर शरयूच्या आईला काय सांगायचं, ते वाक्य पाठ करायला हवं होतं.

गुरुजींना स्टँडवर सोडायला जीप दाराशी लागली. सयाजीनं हात जोडले.

"गुरुजी, जन्मात एकदा तरी कायतरी मागा. न्हाईतर मला झोप लागायची न्हाई."

सगळे बघत होते. गुरुजींनी एक पाय जीपमध्ये ठेवला, तो परत खाली घेतला.

"सयाजी."

"बोला गुरुजी."

"ती ढेप आता देशील का? आज एसटीनं आलोय. टपावर टाकता येईल."