पुन्हा चालवा

उदेशिकाचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला.

पडद्यावर प्रोग्राम तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास होत्या, एक सोडून. लाल झाली होती ती नेहमीचीच. ऑफिसात त्या टेस्टला 'सासूबाई' म्हणत. कधी खूश, कधी रुसलेली, कारण कुणाला ठाऊक नाही. ती रुसली की कोपऱ्यातलं 'पुन्हा चालवा' हे बटण दाबायचं. एकदोनदा दाबलं की सासूबाई हिरव्या व्हायच्या आणि मंडळी चहाला निघायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. जगभरच्या शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या प्रोग्रामरांमध्ये हा एक रोगच आहे. टेस्ट नापास झाली की आपण चुकलो असं त्यांना वाटत नाही, टेस्टच चुकली असं वाटतं.

"दाब की अक्का," शेजारच्या टेबलावरून रिफ्कान म्हणाला. "मुहूर्ताची वाट बघतेस काय?"

"रिफ्कान, ही टेस्ट नेमकं काय तपासते रे?"

"सासूबाई? मला काय विचारतेस? मी आलो तेव्हापासून ती अशीच चिडते. मी नमस्कार करतो आणि बटण दाबतो."

"म्हणजे तुलाही ठाऊक नाही."

"कुणालाच नाही. तोच तर तिचा मान आहे."

उदेशिका हसली नाही. ओरुवा या त्यांच्या फ्रेमवर्कच्या चौथ्या व्हर्जनच्या रिलीजची जबाबदारी पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती. रिलीजवर सही तिची जाणार होती. आणि ओरुवाचं काम एकच, एका प्रोग्रामचा निरोप दुसऱ्या प्रोग्रामपर्यंत न हरवता नेऊन पोचवायचा. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं, सगळ्यांसाठी उघडं आणि फुकट. जगात कोण कोण ते वापरतं हे नुगेगोडा या गावातल्या त्या ऑफिसात कुणाला धड सांगता आलं नसतं. फुकटचं वापरणारे नाव सांगत नाहीत. तक्रार असली तरच उगवतात, आणि उगवतात ते मालक असल्यासारखे.

चौथं व्हर्जन नव्या जावावर बेतलेलं होतं. नव्या जावात हलके धागे आले होते. पूर्वी एका वेळी शेदोनशे कामं चालायची, आता हजारो चालवता यायची. सगळं जग या व्हर्जनसाठी ताटकळलं होतं, आणि ऑफिसचे साहेब, ज्यांना सगळे 'अय्या' म्हणजे दादा म्हणत, त्या बंदुलअय्यांनी समारंभसुद्धा ठरवून टाकला होता. गुरुवारी हॉटेलात मंत्री येणार, तेलाचा दिवा लावणार आणि व्यासपीठावरचं लाल बटण दाबून रिलीज करणार. ज्योतिष्यानं मुहूर्त काढून दिला होता, उत्तरेकडे तोंड करून. त्यासाठी हॉटेलवाल्यांनी सगळं व्यासपीठ फिरवून घेतलं होतं.

त्याआधी फक्त मतदान पुरं व्हायचं होतं. ओरुवाचा कायदा साधा होता. रिलीजचा मसुदा उघड्या मेलिंग लिस्टवर ठेवायचा, तीन दिवस जगाला तपासू द्यायचा, समितीतल्या तिघांनी होकार दिला की झालं. एकट्या कुणाच्या नकारानं रिलीज अडत नसे. पण ज्याच्याकडे जबाबदारी, तो आपला मसुदा कधीही मागे घेऊ शकत असे. आणि सगळ्यांवरचा नियम असा की जे लिस्टवर लिहिलं नाही ते घडलंच नाही. चहा पिताना ठरलेलं, फोनवर ठरलेलं, साहेबाच्या केबिनमध्ये ठरलेलं, सगळं शून्य.

मतदान सोमवारी सुरू झालं होतं. आज मंगळवार. दोन होकार आले होते. मसुद्याआधी सासूबाई रुसल्या तेव्हा बटण दाबून त्यांना हिरवं करणारा हात उदेशिकाचाच होता. आता दुपारच्या फेरीत त्या परत रुसल्या होत्या.

तिनं बटण दाबलं नाही. टेस्टचा कोड उघडला आणि ओळ न् ओळ वाचायला बसली.

टेस्टमध्ये गूढ असं काहीच नव्हतं. एकाच पेटीत दोघांनी एकाच क्षणी निरोप टाकायचा, मग पेटीत दोन्ही सापडतात का ते बघायचं. बस्स. कधीकधी एकच सापडायचा.

"रिफ्कान, इकडे ये. हे बघ. पहिला धागा पेटीत डोकावतो. पेटी रिकामी. तो आपला निरोप ठेवायला वळतो, तेवढ्यात दुसरा डोकावतो. त्यालाही रिकामीच दिसते. मग दोघंही ठेवतात. दुसऱ्याचा निरोप पहिल्याच्या डोक्यावर बसतो. पहिला गेला. ना ओरड, ना आवाज."

रिफ्कानची थट्टा विरली. "जुन्या जावात हे क्वचित व्हायचं."

"धागे थोडे होते म्हणून. आता हजारो आहेत. आता रोज होईल."

"अक्का, म्हणजे सासूबाई इतकी वर्षं खरं बोलत होती?"

"आणि आपण तिचं तोंड दाबत होतो."

तिनं तीच एक टेस्ट नव्या जावावर सारखी चालवत ठेवली. संध्याकाळपर्यंत लालच लाल. मग तिनं लिस्टवर लिहिलं, झाकपाक न करता. 'या मसुद्यात निरोप हरवतात. टेस्ट आम्हाला ते केव्हापासून सांगत होती, आम्ही पुन्हापुन्हा चालवून ती गप्प केली. माझा नकार. कुणाचे निरोप असे हरवले असतील तर सांगा.'

सकाळी बंदुलअय्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ओरुवाची पहिली ओळ त्यांनीच लिहिली होती, घरच्या जेवणाच्या टेबलावर. आता कोड लिहीत नव्हते. पाहुणे सांभाळत होते.

"बस, उदे. चहा घेतेस? बरं, मेल वाचली. शाब्बास, चांगलं शोधलंस. आता असं करू, हे गुरुवारनंतर दुरुस्त करू. महिन्याभरात छोटं व्हर्जन काढू, कोण बघतंय?"

"बंदुलअय्या, जे वापरतील ते बघतील."

"अगं, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बग नसतो?"

"नसतो असं कुठं म्हणते मी? ठाऊक नसलेला बग ही चूक. ठाऊक असून सही केली की ती लबाडी."

त्यांनी चष्मा काढला. "मंत्र्यांना मी काय सांगू? परदेशातून आपल्याला काम देणारं गिऱ्हाईक आलंय. ती टेस्ट तात्पुरती वगळ. लहरी आहे, असा शेरा मार. एवढंच मागतोय."

"ठीक. हे लिस्टवर लिहा."

"काय?"

"बंदुलअय्या, तुम्हीच शिकवलंत ना? लिस्टवर नाही ते झालं नाही. 'निरोप हरवतात हे मला ठाऊक आहे, तरी समारंभासाठी टेस्ट वगळावी,' असं लिहा. तुमच्या नावानं. मग मी विचार करीन."

बंदुलअय्या लाल झाले. "हा उर्मटपणा आहे. मी तुझ्याकडून रिलीज काढून घेऊ शकतो."

"तेही लिस्टवर लिहा. नव्या माणसाला नवा मसुदा ठेवावा लागेल. पुन्हा तीन दिवस. गुरुवार काही गाठता येत नाही."

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. बोटं उचलली, खाली ठेवली. अख्ख्या जगासमोर लिहिता येत नाही असं काही आपण बंद दाराआड मागतोय, हे त्यांना कळलं नव्हतं असं नाही. कळणारी माणसंच दार लावून घेतात.

"जा तू," ते म्हणाले.

ती जागेवर आली तेव्हा रिफ्कान उभाच होता. "अक्का, उत्तर आलंय. वाच."

इक्वाडोरमधल्या एका गावातला कुणी इग्नासिओ. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. त्यांच्या दवाखान्यात रक्ततपासणीचे निकाल ओरुवातून वॉर्डात जातात, तिसऱ्या व्हर्जनवर. अधूनमधून एखादा निकाल पोचायचाच नाही. त्यांनी वायरी बदलल्या. राउटर बदलला. शेवटी निकाल पाठवणाऱ्या बाईला निष्काळजी ठरवून कामावरून काढलं. 'ती शपथ घेऊन सांगत होती, मी पाठवला. तुमची मेल वाचून तिच्या घरी निघालो आहे. चौथं व्हर्जन कधी येतंय हे विचारायला मी रोज इथं डोकावत होतो. आता विचारत नाही. नीट करून काढा.'

उदेशिकानं ते परत वाचलं. रडायला तिच्याकडे सवड नव्हती. एक बाई शपथा घेत होती आणि इथं नुगेगोडात लोक बटण दाबून चहाला जात होते.

तिनं एका ओळीची मेल लिहिली. 'मसुदा मागे घेत आहे. मतदान रद्द.' खाली सही केली आणि पाठवून दिली. मग खुर्ची पुढे ओढली.

"रिफ्कान, बस. डोकावणं आणि ठेवणं, या दोन कामांचं एकच काम करायचं. मध्ये कुणाला शिरायला फट नको."

"आणि अशी फट आणखी कुठं कुठं आहे ते?"

"तेही शोधायचं. आणि सापडलं की तिसऱ्या व्हर्जनलाही ठिगळ लावायचं. आधी त्या दवाखान्याला."

गुरुवारी समारंभ झाला. मुहूर्त टळत नसतो. मंत्र्यांनी उत्तरेकडे तोंड करून दिवा लावला, किरिबत हा शकुनाचा दुधातला भात खाल्ला आणि लाल बटण दाबलं. वरून कागदी फुलं पडली, लोकांनी टाळ्या पिटल्या. बटणाला वायर नव्हती. कधीच नसते. बंदुलअय्यांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणाले, "चौथं व्हर्जन आज येत नाही. त्यात निरोप हरवत होते. आमच्या उदेशिकानं ते पकडलं." मंत्र्यांना काहीच कळलं नाही, त्यांनी परत टाळ्या वाजवल्या. परदेशी गिऱ्हाईक उठून निघून गेलं.

उदेशिका हे ऐकायला तिथं नव्हती. तशाच आणखी दोन फटी सापडल्या होत्या.

दवाखान्याचं ठिगळ आधी गेलं. मग नवा मसुदा लिस्टवर चढला. पहिला होकार बंदुलअय्यांचा आला. खाली एक ओळ होती, 'सासूबाई मी स्वतः घरी दिवसभर चालवली.' इक्वाडोरहून इग्नासिओनंही होकार पाठवला. समितीत नसल्यानं त्याचं मत मोजलं जात नव्हतं. उदेशिकानं ते मतदानाच्या निकालाच्या मेलमध्ये सगळ्यांच्या वर लिहिलं. ती बाई कामावर परतली का, हे तिनं त्याला विचारलं होतं. परतली होती. पण दवाखान्यानं माफी मागितली नव्हती. ते वाचून उदेशिकानं टेबलावर मूठ आपटली.

रिलीज झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रिफ्कान ओरडला, "अक्का! माझ्या पडद्यावरचं बटण कुठं गेलं? 'पुन्हा चालवा' दिसत नाहीये!"

"काढलं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. माझंसुद्धा."

"आणि टेस्ट लाल झाली तर काय करायचं?"

"ती काय म्हणतेय ते वाचायचं," उदेशिका म्हणाली.