पहिल्या तासाला बसलेली आई

बोरीच्या बसस्टँडसमोर वीरुपाक्षअप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. अप्पा पहाटे चारला उठतात. अंघोळ, कपाळाला भस्म, लिंगपूजा, आणि उजाडायच्या आत दुकानाचं शटर वर. पन्नास वर्षांत सूर्यानं आपल्याला अंथरुणात पाहिलं नाही, असं ते गिऱ्हाइकालाही ऐकवायचे. अशा माणसाकडं गावातल्या हायस्कूलच्या पालक समितीचं अध्यक्षपद होतं, आणि दिवाळीनंतर त्याच्यापुढं एक अर्ज आला. आठवी ते दहावीची शाळा सकाळी सातला भरते, ती साडेनऊला भरवावी.

अप्पांनी अर्ज पुरता वाचलासुद्धा नाही. बायकोला, त्रिवेणीला म्हणाले, "आता आळसाचे बी अर्ज यायलेत."

अर्ज नर्मदाबाईचा होता. गावापासून तीन किलोमीटरवर वस्ती, अडीच एकर रान, एक विहीर. नवरा येलदरीला धरणावर मासेमारीच्या कामाला होता, पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. बाकी सगळं तिच्यावर. तिचा मुलगा आदिनाथ नववीत, अप्पांच्या मुलीच्या, शिवरंजनीच्याच वर्गात.

चार दिवसांनी ती दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"अप्पा, अर्ज वाचला का?"

"वाचला," अप्पा धडधडीत खोटं बोलले. "बाई, लवकर उठायची सवय लागलीच पायजे पोरांना. आमी उठलोत, आमचं काय वाईट झालं?"

"मला बी तसंच वाटायचं." ती पायरीवर टेकली. "चाचणीत आदिनाथला गणितात सात मार्क पडले. दोन ठेवून दिल्या मी त्याला. म्हणला, आई, सकाळी मला फळ्यावरचं काईच समजत न्हाई, अक्षरं हालतात. मला वाटलं, बहाणा करायलाय. म्हणून शाळेच्या मोठ्या मॅडमला विचारलं आन् वर्गात जाऊन बसले. सहा दिवस."

"वर्गात?"

"मागच्या बाकावर. सहाला त्याच्यासंगच निघायचे. पहिल्या दिवशी पोरं मला बघून हसली. दुसऱ्या दिवशी हसायला बी कोणी जागं नव्हतं."

अप्पांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "मोबाईल बघत असतील उशिरापर्यंत."

"आमच्या घरात एकच मोबाईल हाय, तो माझ्या उशाखाली असतो. पोरगं नवाला आडवं होतं आन् अकरापर्यंत कूस बदलत ऱ्हातं. मागच्या वर्षापर्यंत असं नव्हतं. मिसरूड फुटलं आन् झोपच पुढं सरकली. मॅडम म्हणल्या, या वयात तसं होतंच, ते अंगातच असतं."

"आन् बाकीची पोरं?"

"ते मी नाव घेऊन सांगणार न्हाई. चुगली ती चुगलीच. तुमी या ना एक दिवस. बसून बघा आन् मग अर्ज फाडून टाका, मी काई म्हणणार न्हाई."

ती निघून गेली तरी 'नाव घेऊन सांगणार न्हाई' हे अप्पांच्या कानात राहिलं. शिवरंजनी वर्गात पहिली यायची. त्या दिवशी जेवताना त्यांनी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तू झोपतीस का वर्गात?"

"नाही पप्पा," ती म्हणाली. पण ताटातून मान वर केली नाही. त्रिवेणीनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलंच नाही. सातला पाच कमी असताना ते नववीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक इतका अरुंद की गुडघे वर येत होते. थंडी होती, खिडक्यांबाहेर नुकतं उजाडत होतं. मुलं आत आली तीच पाय ओढत. अध्यक्ष मागं बसलेत म्हणून गणिताचे सर नेहमीपेक्षा मन लावून शिकवायला लागले. त्रिकोण काढला, कोन सांगितले, प्रश्न विचारला. कोणीच हात वर केला नाही. टगेपणा म्हणावा तर तोही नव्हता. दहा-बारा पोरं हनुवटीला हात लावून बसली होती आणि हात निसटला की दचकून सरळ होत होती. एका मुलीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं, जागं राहायला.

शिवरंजनी पलीकडच्या रांगेत होती, अप्पांना बाजूनं दिसत होती. ताठ बसलेली, डोळे फळ्याकडं, हातात पेन. अप्पांना बरं वाटलं. मग तास संपल्यावर सर वह्या बघत फिरले तेव्हा ते उठून तिच्याजवळ गेले. पहिल्या दोन ओळी तिच्या नेहमीच्या मोत्यासारख्या अक्षरात होत्या. तिसरी ओळ उतरणीला लागली होती. चौथ्या ओळीत नुसती एक रेघ वहीच्या कडेपर्यंत गेली होती. पोरगी उघड्या डोळ्यांनी झोपली होती.

अप्पा परत मागं जाऊन बसले. आल्यासरशी सगळंच बघून जावं म्हणून ते चौथ्या तासापर्यंत थांबले, आणि थांबले ते बरं झालं. नऊ वाजून गेले, ऊन बाकांवर आलं, आणि तीच पोरं माणसात आली. विज्ञानाच्या तासाला धरणाच्या पाण्यावर वीज कशी होते ते चाललं होतं. आदिनाथ उभा राहिला आणि त्यानं विचारलं, वीज काढून घेतल्यावर खाली नदीत जातं त्या पाण्यात काही कमी होतं का? विज्ञानाच्या बाईंनी तो प्रश्न फळ्यावर लिहून घेतला. गणितात सात मार्कांचा मुलगा तो हाच, हे अप्पांना दोनदा मनाशी म्हणावं लागलं.

घरी येऊन ते त्रिवेणीला म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"सकाळी उठवायला मीच जाते ना तिला," त्रिवेणी म्हणाली. "तोंड धुताना बेसिनला टेकून झोपते. तुमाला कोण सांगणार? तुमी चारला उठणारे."

शनिवारी दुपारी शाळेच्या मैदानात पालकांची सभा भरली. मुख्याध्यापिका राजेश्री मॅडमनी अर्ज वाचून दाखवला आणि अडचणही सांगितली. शाळेत खोल्या सहाच. दुपारी साडेबाराला पाचवी ते सातवीची मुलं येतात. मोठी मुलं साडेनऊ ते साडेतीन बसली तर लहानांना तीन तास बसवायचं कुठं?

यावर कोणी काही सुचवायच्या आधीच बन्सीधर उठले. गावातले मोठे बागायतदार. "आमी कंदील घेऊन अभ्यास केला. या पोरांना उन्हं वर आल्यावर उठवायचं? उद्या फौजेत गेल्यावर सायबाला सांगणार का, मला साडेनऊला बोलवा म्हणून?"

लोक हसले. मग सरजाबाई बसल्या जागेवरूनच बोलली. तिची रोहिणी दहावीत होती. "मला फौजेचं माहीत न्हाई. माझी रोहिणी साडेबाराला घरी येते आन् माझ्यासंग कापूस वेचते. तिनं चारला यायचं तर अर्धा कापूस झाडावरच ऱ्हाईल. मजूर मिळंना गेलेत. पोरीची झोप मला बी समजते, पण रान कोण बघणार?"

यावर कोणी हसलं नाही. निम्म्या बायांच्या मनातलंच ती बोलली होती. अप्पांनी नर्मदाबाईकडं पाहिलं. आता ही काहीतरी मोठं भाषण करणार, असं त्यांना वाटलं. ती उभी राहिली, पदर सारखा केला.

"सरजा म्हणते ते खरं हाय," ती म्हणाली. "वेळ बदलली तर सगळ्यात जास्त नुकसान माझंच हाय. माझ्या मोटरला लाइट दुपारी असते. आदिनाथ शाळेतून येतो आन् दारं धरतो, वाफ्यावाफ्याला पाणी वळवतो, मी मोटरकडं बघते. तो चारला आला तर गव्हाचं पाणी मला एकटीला द्यावं लागतंय. हे इचार करूनच अर्ज केला मी."

"मग कशाला केला?" बन्सीधर म्हणाले.

"कारण मी सहा दिवस बघितलं. पोरगं शाळेत जातं, पण पहिले दोन तास त्याला काईच मिळत न्हाई. सहाला त्याला थंडीत चालवत न्यायचं आन् झोपायला बाकावर बसवायचं, हे काय शिकवणं झालं? मी म्हणते म्हणून ऐकू नका. तुमी सगळे एकेक दिवस बसून बघा." मग ती सरजाबाईकडं वळली. "आन् सरजा, आपण सावड करू. एक दिवस मी तुझ्या कापसाला येते, एक दिवस तू माझ्या पाण्याला. दोघींचं बी भागंल."

सरजाबाईनं लगेच होकार दिला नाही. तिनं विचारलं, "आठवड्याला किती दिवस येशील?"

"तीन."

"चार ये," सरजाबाई म्हणाली. "माझं रान तुझ्यापेक्षा मोठं हाय."

"येते चार."

अप्पा खुर्चीवर बसून ऐकत होते. आपण आयुष्यभर चारला उठलो, पण दुसऱ्याच्या पोरांसाठी आपल्या रानाचं पाणी अडचणीत घालायची वेळ आली असती तर उठलो असतो का, असं त्यांच्या मनात आलं. ते उभे राहिले. अध्यक्षांनी शेवटी बोलायचं असतं, पण त्यांच्यानं थांबवेना.

"मी अर्ज न वाचताच नको म्हणलो होतो," ते म्हणाले. "नर्मदाबाईला वाचला म्हणून सांगितलं, ते बी खोटं. बुधवारी मी नववीच्या वर्गात बसलो. माझी पोरगी वर्गात पहिली हाय, ती पहिल्या तासाला झोपली होती. डोळे उघडे ठेवून. मला दिसावं म्हणून डोळे उघडे." मग ते राजेश्री मॅडमकडं वळले. "लहान पोरांच्या जागेची फिकीर करू नका. मठाचं सभागृह दुपारी रिकामं असतं. पंचांशी मी बोलतो."

बन्सीधर म्हणाले, "अप्पा, तुमी बी?" आणि खाली बसले. हात वर करून मतं घेतली. फेब्रुवारीअखेरपर्यंत करून बघू, असं ठरलं. बन्सीधरांनी हात वर केला नाही, पण विरोधात त्यांच्यासकट चौघेच निघाले.

बोलायला सोपं होतं. मठाच्या पंचांना पटवायला अप्पांना चार चकरा माराव्या लागल्या. म्हातारे पंच म्हणाले, पोरं सभागृहाच्या भिंती खराब करतील. अप्पांनी दर शनिवारी स्वतः झाडून घ्यायचं कबूल केलं, तेव्हा किल्ली मिळाली. वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना जिंतूरकडून येणारी साडेआठची एसटी चालत होती. ती आधीपासूनच होती, रिकामी यायची.

डिसेंबरात शाळा साडेनऊला भरायला लागली. चमत्कार काही झाला नाही. बन्सीधरांचा मुलगा साडेनऊलाही उशिराच यायचा. पण पहिल्या तासाला सरांच्या प्रश्नाला हात वर व्हायला लागले. शिवरंजनी सकाळी स्वतः उठायची, आणि वडील न्याहारीला घरी यायचे तेव्हा स्वयंपाकघरात आईशी बोलत बसलेली असायची. ती एवढं बोलते हे अप्पांना नव्यानंच कळलं. आदिनाथला पुढच्या चाचणीत गणितात एकोणीस मार्क पडले. फार नव्हते, पण त्याला पुन्हा मार बसला नाही.

नर्मदाबाई ठरल्याप्रमाणं आठवड्याला चार दिवस सरजाबाईच्या कापसात असायची. शनिवारी अप्पा सभागृह झाडायला जायचे तेव्हा रस्त्यानं कधी दिसायची, डोक्यावर गाठोडं, चाल झपाझपा.

फेब्रुवारीअखेर पुन्हा सभा झाली. साडेनऊची शाळा पुढं चालू ठेवायचा ठराव बिनविरोध झाला. बन्सीधरांनी हात वर केला तेव्हा लोकांनी माना वळवून बघितलं. पण नर्मदाबाई सभेला नव्हती. तिच्या लाइटची पाळी होती.

निकाल सांगायला अप्पा मोटरसायकल काढून वस्तीवर गेले. गव्हाच्या ओंब्या भरत आल्या होत्या. ती गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून पाण्यात उभी होती, फावड्यानं एक दारं मोडून दुसरं बांधत होती. बांधावर सरजाबाई मोटरकडं लक्ष ठेवून बसली होती.

"नर्मदाबाई, ठराव झाला," अप्पांनी बांधावरून सांगितलं. "एक बी हात विरोधात न्हाई. आता कायमची साडेनऊ."

तिनं पाणी वळवून घेतलं, मग मान वर केली. "कायमची कशाला, अप्पा?"

"म्हणजे?"

"आता मार्च लागंल. ऊन लय होतंय. साडेतीनला पोरं वस्तीपर्यंत तापत येतील, एसटीचा पत्रा नुसता भाजतो. उन्हाळ्यात सकाळचीच ठेवा ना शाळा. सात नको, साडेसात तरी. जून लागला की परत साडेनऊ."

जिनं ही वेळ भांडून मिळवली, तीच आता त्यातली चूक दाखवत होती, आणि तेही पाण्यात उभी राहून, जसं काही शेजारणीला भाजीत मीठ किती ते सांगावं तसं.

"तुमी हे सभेत सांगायला पायजे होतं," ते म्हणाले.

"लाइट होती," ती म्हणाली. "तुमी सांगा की. तुमचं ऐकतात लोक."

"न्हाई," अप्पा म्हणाले. "पुढच्या शनिवारी परत सभा घेऊ. तुमची लाइट नसंल त्या वेळंला. तुमीच सांगा."

नर्मदाबाईनं सरजाबाईकडं पाहिलं. सरजाबाई हिशेब केल्यासारखी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "शनिवारी सकाळी चालंल. माझा कापूस संपलाय."