आडवा ताणलेला शिंपी

मी कॉम्प्युटरवरचा एक जुना खेळ आहे आणि मी जाड नाही, हे आधीच सांगून टाकतो. अलीकडे काही लोकांनी मला फार जाड पाहिलं, म्हणून हा खुलासा.

मित्रांनो, माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत झाला. शिंप्याची थोरली मुलगी, म्हणजे ताई, तेव्हा कॉलेजात होती. चौकटीच्या कागदावर एकेक घर पेन्सिलीने भरत तिने मला काढलं. आधी काढलं बटण. सोळा घरं आडवं, सोळा घरं उभं, छान गोल. मग बाबांना काढलं. शिवणयंत्रावर बसून बसून पाठीला आलेला बाक, पुढे आलेली मान, काडीसारखे पाय. वरून बटणं पडायची आणि बाबांनी ती झेलायची, एवढाच खेळ. सगळी झेलली की बाबा चष्मा कपाळावर सरकवून समोर बघायचे. या एका हालचालीपायी ताईने आठ दिवस डोकेफोड केली.

बाबांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मी काय इतका वाकलोय का गं?" त्यांनी विचारलं.

"याहून जास्त वाकलायत, बाबा. घरं कमी पडली मला," ताई म्हणाली.

पुढचे दोन दिवस बाबा अगदी ताठ बसून शिवत होते. तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या!

तेव्हा मी ज्या मॉनिटरवर दिसायचो, त्याचं पोट मागे हातभर सुटलेलं होतं. पण त्याने मला मात्र सडपातळ ठेवलं. त्याची काच माझ्याच मापाची, जवळजवळ चौकोनी. ठिपक्यांच्या कडा तो एकमेकींत हळूच मिसळून द्यायचा, त्यामुळे बाबांची पाठ अगदी खऱ्यासारखी वळायची. ताईची लहान बहीण, धाकटी, शाळेतून आली की दप्तर फेकून माझ्यासमोर बसायची. गल्लीतली पोरं नंबर लावायची. काय सुखाचे दिवस होते ते!

मग ताईला लांबच्या गावी नोकरी लागली. मॉनिटर बंद पडला, त्याला भंगारवाला घेऊन गेला. मला एका डिस्कवर उतरवून, शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानांच्या डब्यात ठेवलं. कितीतरी वर्षं मी त्या डब्यात होतो. त्या दिवसांची आठवण यायची का? खोटं कशाला बोलू, रोज यायची. डब्यात असतानाच बाहेरून रडणं ऐकू आलं आणि बाबा गेल्याचं कळलं. त्यानंतर शिवणयंत्राचा आवाज कमी झाला. आता एकटी आईच शिवायची.

यंदा धाकटीने कामासाठी नवा मॉनिटर घेतला. सपाट, पातळ आणि रुंद. डबा आवरताना मी तिला सापडलो. जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम तिने मिळवला आणि मला सुरू केलं. किती वर्षांनी उजेड पाहिला मी! पण घोटाळा झाला तो तिथेच. या घरात कापड बेतताना चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही, अशी शिस्त. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळी जागा उरलेली पाहून धाकटीचा जीव कासावीस झाला. "एवढा मोठा पडदा, आणि मोकळा सोडायचा?" असं म्हणत तिने मला या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणलं.

रविवारी ताई आली. बाबा गेल्यानंतर ती फारशी येत नसे. धाकटीने मोठ्या हौसेने तिला माझ्यासमोर बसवलं. ताई बघत राहिली आणि तिचा चेहरा पडला.

"हे बाबा? असे काढले होते मी?"

पडद्यावर एक गुबगुबीत, पुसट माणूस हलत होता. पाठीचा बाक पसरून नाहीसा झाला होता.

"मला वाटायचं, फोटोत बाबा ताठ बसायचे, पण निदान इथे तरी ते जसेच्या तसे आहेत," ताई म्हणाली. "मला येतच नव्हतं गं काढता. सरक, पुसूनच टाकते."

मित्रांनो, मला ओरडायचं होतं. ताई, तू चुकली नाहीस, हा मी नव्हेच! पण खेळाला कुठला आलाय आवाज? तिने माऊस हातात घेतला.

"थांब जरा," मागून आई म्हणाली. तिच्या गळ्यात टेप होती. ती पुढे झाली आणि पडद्यावरच्या एका बटणाला तिने टेप लावली. आडवं भरलं एक इंच, उभं पाऊण.

"बटण गोल असतं ना गं? मग हे लांबट कशाने झालं? तुझं बेतणं बरोबर आहे. कुणीतरी कापड आडवं ओढलंय."

धाकटीने जीभ चावली. "मीच ओढलंय. जागा वाया जात होती म्हणून."

मग दोघी बहिणी सेटिंगमध्ये शिरल्या. आधी माझी मूळची रुंदी परत आली. तरी मी पुसटच होतो, कारण पडदा माझ्या उंचीच्या साडेचार पट होता आणि अर्धा ठिपका काही नीट बसत नाही. ताईने बरोबर चार पट केलं. चहूबाजूंनी काळं उरलं आणि मधोमध मी लख्ख उभा राहिलो. त्या जुन्या काचेची माया यात नाही, ठिपके जरा टोचतात. ती काच आता कुठून आणणार? तिच्यासाठी मी अजून झुरतो.

पहिल्या तीन वेळा ताईच्या हातून बटणं सुटली. चौथ्यांदा तिने सगळी झेलली. बाबांनी चष्मा वर सरकवला आणि तिच्याकडे पाहिलं. आई टेप हातात धरून तशीच उभी राहिली.

"येत होतं मला," ताई हळूच म्हणाली आणि मग मनसोक्त रडली.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा एखादा जुना खेळ असेल तर त्याला जरूर बाहेर काढा. मोठं करायचं तर खुशाल करा, पण त्याच्या मापाने करा. कडेला अंधार उरला तर उरू द्या. कुणाची तरी पाठ आमच्याजवळ सांभाळायला दिलेली असते.