फाटकावरच्या पाइपाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे आणि मला फार भीती वाटते. पाइपाला कसली आलीय भीती, असं म्हणून हसू नका. आधी ऐकून तर घ्या.

खरं म्हणजे माझा जन्म पाणी वाहून नेण्यासाठी झाला. व्हिक्टोरिया राज्यातल्या गव्हाच्या पट्ट्यात, मिन्दूरा गावापासून तीस किलोमीटरवर, क्लेम नॉस्के नावाच्या शेतकऱ्याने पाण्याची लाइन टाकली, तेव्हा माझा हातभर तुकडा उरला. क्लेमने मला हिरवा रंग दिला, वर पांढऱ्या अक्षरांत 'नॉस्के' लिहिलं आणि रस्त्यालगतच्या फाटकाच्या खांबावर आडवा ठोकला. माझी दोन्ही तोंडं उघडी आहेत. रस्त्याच्या बाजूने पेपर आत जातो आणि घराच्या बाजूने बाहेर निघतो. पेपर भिजू नये, वाऱ्याने उडून मेंढ्यांच्या मागे धावू नये, एवढंच माझं काम.

पेपर आणतो मर्व्ह डोहर्टी. सकाळी सातच्या सुमारास त्याची पिकअप धूळ उडवत येते, आणि खिडकीतून हात काढून तो गुंडाळलेला पेपर माझ्यात खुपसतो. घर फाटकापासून किलोमीटरभर आत, निलगिरीच्या झाडांपलीकडे आहे. रस्त्यावरून त्याचं छप्परही दिसत नाही. मग आठला क्लेमची बायको एल्मा आपल्या टिप कुत्र्याला घेऊन चालत येते. पेपर काढला की ती घरी जाण्याआधीच मागचं पान उघडते.

"बघू या, आज कोण कोण गेलं," असं ती टिपला सांगते.

ओळखीचं कुणी असलं की ती थोडा वेळ माझ्यावर हात ठेवून उभी राहायची. मला आपला अभिमान वाटायचा. जगाच्या बातम्या माझ्या पोटातून जातात, म्हणजे मी केवढा मोठा! वाचून झालेल्या पेपरात अंडी गुंडाळली जायची, चूल पेटायची, थंडीने गारठलेली कोकरं खोक्यात त्याच्यावरच निजायची. सहा वर्षांपूर्वी त्या मागच्या पानावर क्लेमचंच नाव आलं. त्या दिवशी एल्माने पान उघडलं नाही. पेपर काखेत धरून ती तशीच घरी गेली.

इथल्या माणसांत एक रीत आहे. ती कुणी कुणाला शिकवलेली नाही. कालचा पेपर पाइपात तसाच दिसला, तर पेपरवाल्याने फाटक उघडून आत जायचं. म्हणून इथे कुणी गावाला निघालं की पोटच्या पोरांच्या आधी मर्व्हला सांगतात. एकदा क्लेम आणि एल्मा न सांगता चार दिवस समुद्रावर गेले. दुसऱ्याच दिवशी मर्व्हने शिडी लावून न्हाणीघराची खिडकी फोडली. तीत तो असा अडकला की शेजाऱ्यांनी पाय धरून त्याला ओढून काढला.

"अहो, मला वाटलं, तुम्ही दोघं आत मरून पडलात!" ते दोघं परत आल्यावर मर्व्ह ओरडला.

"मेलो असतो तर तुला सांगूनच गेलो असतो रे," क्लेम म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं मर्व्हला सगळे खिडकीच म्हणायचे.

मित्रांनो, मला तेव्हा ती गंमतच वाटली. त्यात किती मोलाची गोष्ट होती, हे माझ्या रिकाम्या डोक्यात शिरलं नाही.

गेल्या वर्षी एल्माचा मुलगा ग्रँट मेलबर्नहून आला. माणूस वाईट नाही. आईची काळजी करतो म्हणूनच तर नवा फोन घेऊन आला होता.

"आई, आता एवढं चालायची गरज नाही. सगळा पेपर यात येतो," तो इथेच, फाटकाशी उभं राहून म्हणाला.

"मेलेले पण?"

"ते पण. अक्षरं मोठी करून वाच."

"आणि चूल कशाने पेटवू? याने?"

"आई, शिळा कागद विकत घेण्यात काय राम आहे, सांग बघू."

एल्मा टिपला घेऊन घराकडे वळली. ग्रँटने पेपर बंद केला.

मग मर्व्हची पिकअप न थांबता पुढे जाऊ लागली. माझ्यात कोळ्याने जाळं विणलं. भीती मला तेव्हापासून लागली. एल्मा फाटकाकडे फिरकेना. ती घरात बसून फोन वाचते आहे की जमिनीवर पडली आहे, हे मला इथून कसं कळणार?

दोन महिन्यांनी ती एका सकाळी आली आणि तिने हात करून पिकअप थांबवली.

"मर्व्ह, तुझ्याकडे काल न खपलेले पेपर उरतात ना? रोज एक टाकत जा. चुलीला लागतो."

"शिळ्या बातम्या वाचणार, एल्माबाई?"

"एक्याऐंशी वर्षं झाली मला. ताजं असं काय राहिलंय? आणि टिप लठ्ठ झालाय, त्याला चालायला पाहिजे."

टिप काडीसारखा होता. मर्व्हने त्याच्याकडे बघितलं आणि एक पेपर माझ्यात सारला. कोळ्याचं जाळं तुटलं. मला इतकं बरं वाटलं!

मागच्या जुलैतली गोष्ट. आमच्याकडे जुलैत ऐन हिवाळा असतो. मंगळवारी पेपर आला. आठ वाजले, दहा वाजले, दुपार झाली. एल्मा आली नाही. लांबून टिपचं भुंकणं येत होतं. मला हात नाहीत, गळा नाही. तोंडात पेपर धरून मी नुसता खांबावर पडून राहिलो. रात्री दहिवर गोठलं. बुधवारी सकाळी पिकअपचा आवाज आला आणि माझ्या मनात आलं, हा घाईत असेल, जोर लावून पेपर कोंबेल आणि निघून जाईल.

मर्व्हने पेपर घातला. तो अर्ध्यातच अडला.

मर्व्ह खाली उतरला. वाकून त्याने माझ्यात डोळा लावला. मग फाटक सताड उघडं टाकून त्याने पिकअप आत पिटाळली.

एल्मा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. टिप रात्रभर तिच्या अंगाला चिकटून होता. ग्रँटने दिलेला फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत वाजून वाजून थकला होता. ती वाचली. ग्रँट आला तेव्हा माझ्यासमोर उभा राहिला आणि ढसढसा रडला. त्याने पेपर पुन्हा सुरू केला. एल्मा हट्टाने घरी परतली आणि काठी टेकत फाटकापर्यंत येऊ लागली.

पण गेल्या आठवड्यात एक छापील चिठ्ठी पेपरासोबत आली. गावाबाहेरच्या वाटांवर पेपर पोचवणं परवडत नाही, म्हणून येत्या शनिवारी शेवटचा पेपर येईल. मर्व्ह पिकअप विकून बहिणीकडे राहायला जाणार आहे.

मित्रांनो, छापलेला पेपर अजून विकत घ्यावा का, असं तुमच्या घरी विचारत असतील. बातम्यांसाठी म्हणाल तर मला त्यातलं कळत नाही. पण घेणं बंद कराल, तेव्हा तुमच्या म्हाताऱ्या माणसाच्या दारात रोज कोण डोकावणार, ते आधी ठरवा. ते ठरवल्याशिवाय बंद करू नका, एवढंच माझं हात नसलेल्या पाइपाचं मागणं.

आज शुक्रवार. आठ वाजून गेलेत आणि पेपर अजून माझ्यातच आहे. मी कान देऊन आहे... हां, काठी वाजली. टिपही आहे. एल्माने पेपर काढला आणि माझ्यावर हात ठेवला.

आज निभावलं. उद्याही मर्व्ह येईल. पण परवापासून मी रिकामा असेन, आणि मी रिकामा दिसलो की इथे सगळे समजतात, एल्मा पेपर घेऊन गेली, म्हणजे बरी आहे.