बटणांच्या डब्यातली कॅप्सूल

मुठीतली कॅप्सूल घामाने चिकट झाली होती. अर्धी लाल, अर्धी पिवळी... घरी बटणांच्या डब्यात कशी शोभून दिसायची – आणि इथे, दवाखान्याच्या बाकावर, तळहाताला अशी चिकटली होती की सुटायचं नाव नाही.

दाखवायला म्हणून आणली खरी; धीर होत नव्हता तर वाटेत टाकून का नाही दिली? पण टाकणं तिच्या रक्तातच नव्हतं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले. उरलेल्या कापडाची पिशवी व्हायची, उरलेली बटणं डब्यात जायची. दाढ दुखली तेव्हाच्या कॅप्सुलांचंही तसंच – दाढ दुखायची थांबली, मग उगाच कशाला गिळायच्या? गेल्या डब्यात. आणि यांना ताप भरला तेव्हा हात आपसूक तिकडेच गेला... ताप उतरला. केवढी मिरवले मी मनातल्या मनात! उतरला म्हणून लगेच बंद केल्या, उरलेल्या परत डब्यात. मग ताप फिरून आला, खोकला घेऊनच. पुन्हा दिल्या. या खेपेला ताप ढिम्म हलला नाही.

आत बोलावलं. नवरा खुर्चीत बसला, ती त्याच्या मागे उभी राहिली. सदरा वर केल्यावर त्याची पाठ दिसली – एवढी कधी वाळली ही? खोकला आला की सगळी पाठ हादरत होती. हे माझ्यामुळे तर नाही ना... नाही, वयच झालं आता... पण माझ्यामुळे असलं तर?

"आजोबा, घरचं काही औषध घेतलंत का आधी?" डॉक्टरीणबाईंनी कानातली नळी काढत विचारलं.

तिने मूठ पदराआड घेतली.

"छे हो," तो धापा टाकत म्हणाला, "ही वाफ देते, तेवढंच."

कापडाला कात्री लागलेली नसतानाही दारातल्या गिऱ्हाइकाला "फक्त इस्त्री राहिलीय" म्हणून सांगणारा हा माणूस! तोच आवाज, तोच साळसूदपणा. तिच्या वतीने किती थापा मारल्या असतील त्याने. हसूच आलं असतं तिला, एरवी.

"मग साध्या औषधापासूनच सुरुवात करू," असं म्हणून बाई लिहू लागल्या.

सकाळपासून तिला धास्ती होती ती बोलणी खायची. डॉक्टरीणबाई रागावतील, सुनेच्या कानावर जाईल, "आई, तुम्ही पण ना..." – ती धास्ती आता शोधूनही सापडेना. तिच्या जागी दुसरीच येऊन बसली होती, गार आणि जड. माझी लाज राखता राखता हे जिवानिशी जायचे... पेन कागदावर भराभर चालत होतं. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, झालंच म्हणून डोळ्यांनी सांगितलं. "बाई..." एवढं घशापर्यंत आलं. बोटं मात्र उघडत नव्हती; आणि कधीच काही न टाकणाऱ्या तिला वाटत होतं, कुणीतरी ही मूठ धरावी, उघडावी, आणि आत काय आहे ते बघावं.